दोनशे घोड्यांची मोटार : घेण्याआधीचा हिशेब

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवणारे आमचे एक स्नेही गेल्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी घरी आले. हातात तीन-चार गुळगुळीत माहितीपत्रके होती. ती टेबलावर पसरून ते म्हणाले, "सर, मोठी गाडी घ्यायची म्हंतोय. दोनशे घोड्यांची हाय. आठवड्यातनं दोनदा पुण्याला जातोय, पोरगं पण आता चालवायला लागलंय. तुम्ही जरा बघून सांगा की, पावर बरोबर हाय का?"

कोल्हापूरला यंत्राचे आकर्षण नवे नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ओतले जातात, कातले जातात, घासले जातात. जो माणूस रोज यंत्राचा भाग घडवतो त्याला उत्तम यंत्र आपल्या दारी असावे असे वाटले तर त्यात वावगे काही नाही. पण आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नातील एक गोष्ट आम्हाला खटकली. एवढ्या मोठ्या खरेदीची परीक्षा ते एकाच आकड्यावर करू पाहत होते. त्या आकड्याचा अर्थ काय आणि तो काय सांगत नाही, हे पाहण्यासाठी नववी-दहावीच्या पुस्तकातील गतिज ऊर्जा, कार्य, शक्ती आणि घर्षण एवढे ज्ञान पुरते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जो हिशेब मांडला, तोच थोडा नीटनेटका करून येथे देत आहोत.

उदाहरणादाखल आपण एक प्रत्यक्ष गाडी घेऊ. मर्सिडीज-बेंझची 'ई-क्लास' ही मध्यम आकाराच्या आलिशान सेदान गाड्यांतील परिचित गाडी. या कंपनीने पुण्यात १९९०च्या दशकाच्या मध्यास आपल्या गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे तिचा कारखाना चाकणला आला. ऑक्टोबर २०२४मध्ये भारतात आलेल्या ई-क्लासची लांबी ५०९२ मिलिमीटर आहे, तर पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर ३०९४ मिलिमीटर. तिच्या 'ई-२००' या पेट्रोल गाडीची शक्ती २०४ अश्वशक्ती, 'ई-२२० डी' या डिझेल गाडीची १९७, आणि सहा सिलिंडरच्या 'ई-४५०'ची ३८१. आमचा हेतू कोणा एका कंपनीची शिफारस करण्याचा नाही. पुढचा सगळा हिशेब कोणत्याही गाडीला लागू पडतो.

एक अश्वशक्ती म्हणजे किती?

मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्या सोपी आहे. ७५ किलोग्रॅमचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलायला जी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३५ वॉट. आपल्याकडच्या मोटेचे उदाहरण घ्या. पाण्यासह १५० किलोची मोट १० मीटर खोल विहिरीतून बैलजोडीने २० सेकंदांत वर आणली, तर १५० गुणिले १० भागिले २० म्हणजे बरोबर ७५ येतात. ती बैलजोडी एक अश्वशक्ती देत होती. २०४ अश्वशक्तीची मोटार म्हणजे अशा २०४ मोटा एकदम चालू असल्यासारखे झाले.

इंग्रजी अश्वशक्ती मेट्रिकपेक्षा किंचित मोठी, सुमारे ७४६ वॉटची. त्यामुळे एकच इंजिन एका पत्रकात २०४ पीएस, दुसऱ्यात २०१ बीएचपी आणि तिसऱ्यात १५० किलोवॉट असे छापलेले दिसते. दोन गाड्यांची तुलना करताना सर्व आकडे आधी किलोवॉटमध्ये आणावेत, म्हणजे फसगत होत नाही.

यातील किती शक्ती खरोखर लागते?

गाडी आणि चार माणसे मिळून २१०० किलो वस्तुमान धरू. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, या स्थिर वेगाने जाताना इंजिनाला दोनच विरोधांवर मात करावी लागते. पहिला टायरच्या लोळण्याचा. तो वजनाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे २०६ न्यूटन असतो. दुसरा हवेचा. अशा निमुळत्या बांध्याच्या गाडीला या वेगाला तो सुमारे २६६ न्यूटन होतो. एकूण ४७२ न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ती १३ किलोवॉट, अर्थात सुमारे १८ अश्वशक्ती भरते.

दोनशे चार घोड्यांपैकी अठरा कामावर, बाकीचे तबेल्यात!

मग घाटात तरी जास्त लागत असेल? वाघबिळाहून पन्हाळ्याकडे चढताना चढ पंधरास एक धरू आणि वेग ताशी ४०. वजनाचा पंधरावा भाग सुमारे १३७२ न्यूटन. त्यात टायरचा विरोध मिळवून वेगाने गुणले की साडेसतरा किलोवॉट, म्हणजे सुमारे २४ अश्वशक्ती येते. साधी छोटी मोटारही चार माणसे घेऊन पन्हाळ्याला पोचते, यात आश्चर्य नाही.

उरलेली शक्ती लागते ती वेग वाढवण्यासाठी. ताशी १०० किलोमीटरला आपल्या गाडीची गतिज ऊर्जा ८१० किलोज्यूल असते. ती शून्यापासून आठ सेकंदांत मिळवायची असेल तर सरासरी १०१ किलोवॉट सतत लागतील. माहितीपत्रकातील मोठा आकडा या काही सेकंदांसाठी असतो. गाडीत ऊर्जा किती लवकर ओतता येते, एवढेच अश्वशक्ती सांगते.

नुसता आकडा कोठे चकवतो?

पहिला चकवा वजनाचा. चाकणलाच बनणारी फोक्सवॅगनची 'व्हर्टस जीटी' ही पुष्कळ स्वस्त गाडी १५० अश्वशक्तीची आहे. तिचे वजन सुमारे १२५० किलो, तर ई-२००चे सुमारे १९००. दर टनामागे पाहिले तर व्हर्टसला १२० अश्वशक्ती मिळते आणि ई-२००ला १०७. दोन्हींत चार माणसे व सामान मिळून ३५० किलो भरले तर हेच आकडे ९४ आणि ९१ होतात. पत्रकावर ५४ घोड्यांचा फरक दिसला, रस्त्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. महागड्या गाडीतील जादा घोडे बव्हंशी तिचे स्वतःचेच जादा वजन ओढतात. शांतता, ऐसपैस आसने आणि बांधणी हे त्या वजनाचे मोल असते. ते घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसरा चकवा फेऱ्यांचा. शक्ती ही टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून येते. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि फेरे दर मिनिटाला घेतले, तर त्यांच्या गुणाकाराला ९५४९ने भागल्यावर किलोवॉट मिळतात. ई-२००चा कमाल टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, ई-२२० डीचा ४४०. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या चालवण्यातल्या वेगाला, पेट्रोल इंजिन देते ६० किलोवॉट आणि डिझेल ८३. पत्रकावर पेट्रोल गाडी सात घोड्यांनी पुढे, पण भरल्या गाडीने चढ चढताना डिझेल गाडी कितीतरी सरस. पेट्रोल गाडीला आपले सर्व घोडे दाखवण्यासाठी इंजिन फार जोरात फिरवावे लागते, आणि तसे आपण क्वचितच करतो.

पुढे काढताना

जादा शक्तीचा खरा उपयोगही सांगितला पाहिजे. गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील दोनपदरी रस्त्यावरून जाणाऱ्याला ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या नव्याने सांगायला नकोत. समजा ही १५ मीटर लांबीची वरात ताशी २० किलोमीटरने चालली आहे आणि आपण तिच्या मागे आहोत. सुरक्षित अंतर राखून पुढे निघण्यासाठी तिच्या तुलनेत ४० मीटर जास्त कापावे लागतील. त्वरण १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर त्याला ७.३ सेकंद लागतात, २.५ असेल तर ५.७.

समोरून ताशी ८० किलोमीटरने वाहन येत असल्यास पहिल्या गाडीला सुमारे २४५ मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, दुसरीला सुमारे २००. शक्तिमान गाडीने ४५ मीटर वाचवले, ही गोष्ट मोलाची आहे. पण दोनशे मीटर रस्ता दिसत नसेल तर दोनशे घोडेही उपयोगाचे नाहीत. वळण आणि उसाचा फड यांपलीकडचे इंजिनाला दिसत नाही.

पत्रकात नसलेले घोडे

आता आम्ही आमच्या स्नेह्यांना उलटा प्रश्न विचारला : "गाडीत भरलेली ही ऊर्जा परत काढून घेणारे यंत्र किती घोड्यांचे आहे?"

ते यंत्र म्हणजे ब्रेक. कोरड्या चांगल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यातील घर्षण गुणांक ०.८ धरला, तर ताशी १०० किलोमीटरवरून गाडी साडेतीन सेकंदांत थांबते. तेवढ्यात ८१० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे सरासरी २२९ किलोवॉट, अर्थात ३११ अश्वशक्ती. दोनशे घोड्यांच्या गाडीचे ब्रेक तीनशे घोड्यांचे काम करतात, आणि तेही दोन टायर मिळून जेमतेम वहीच्या पानाएवढा भाग रस्त्याला टेकलेला असताना. हा आकडा कोणी जाहिरातीत छापत नाही.

थांबण्याचे एकूण अंतर दोन भागांचे असते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरू. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरची गाडी ४२ मीटर जाते. त्यापुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण व घर्षण गुणांक यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ४९ मीटर. एकूण ९१ मीटर. या सूत्रात वस्तुमान नाही आणि अश्वशक्तीही नाही. गाडी लाखाची असो वा कोटीची, टायर आणि रस्ता सारखे असतील तर अंतर जवळपास तेवढेच.

स्नेह्यांना पुणे लवकर गाठायचे होते. म्हणून आम्ही ताशी १३० किलोमीटरचा हिशेब केला. (चौपदरी महामार्गावर केंद्र सरकारने २०१८मध्ये मोटारींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे, हे येथे लक्षात ठेवावे.) कोल्हापूर-पुणे सुमारे २३० किलोमीटर. त्यातील १८० किलोमीटर अगदी मोकळे मिळाले असे मानले, तरी शंभरऐवजी एकशेतीसने जाऊन २५ मिनिटे वाचतात. थांबायला मात्र ५४ अधिक ८३ म्हणजे १३७ मीटर लागतात.

पण हा फरक नुसत्या मीटरांत नीट कळत नाही. अशी कल्पना करू. सारखेच ब्रेक असलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक शंभरने, दुसरी एकशेतीसने. समोर ९१ मीटरवर विनादिव्याची ट्रॉली उभी आहे. दोन्ही चालकांना ती एकाच क्षणी दिसते. शंभरची गाडी ट्रॉलीला टेकता टेकता थांबते. त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? तिचे ५४ मीटर ब्रेक लागण्याआधीच गेले. उरलेल्या ३७ मीटरांत वेग कमी होऊन होतो ताशी ९७ किलोमीटर. एक चालक घाम पुसतो आहे, आणि दुसरा जवळजवळ शंभरच्या वेगाने ट्रॉलीवर आदळतो आहे.

हा आकडा निघाल्यावर आमचे स्नेही काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि तोच हिशेब स्वतः पुन्हा केला. उत्तर तेच आले.

रात्री आणखी एक मर्यादा येते. खाली वाकवलेल्या झोतात साधारण ६० मीटरपर्यंत नीट दिसते. ६० मीटरांत थांबायचे तर वरच्या सूत्राने वेग ताशी ७६ किलोमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पावसात घर्षण गुणांक निम्मा, ०.४, झाला तर शंभरच्या वेगाने थांबायला १४० मीटर लागतात. म्हणून गाडी पाहताना इंजिनाच्या आधी टायर आणि दिवे पाहावेत. दिव्यांची परीक्षा अंधारातच होते. विक्रेत्याकडे रात्रीच्या फेरीचा आग्रह धरावा.

आत बसलेल्या माणसाचे काय?

गाडी थांबते, पण आतला माणूस मूळ वेगानेच पुढे जात राहतो. जडत्वाचा हा नियम आपण वर्गात शिकवतो आणि गाडीच्या मागच्या आसनावर बसताना विसरतो. ताशी ६० किलोमीटरने आदळणे म्हणजे १४ मीटर उंचीवरून, जवळजवळ पाचव्या मजल्यावरून, खाली पडणे. १००च्या वेगाला ही उंची ३९ मीटर, म्हणजे तेरा मजले होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे बचावले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी उत्तम होती. पट्टा नसेल तर उत्तम गाडीचा उत्तमपणा त्या माणसापर्यंत पोचत नाही. मोठ्या गाडीचा मालक बहुधा मागे बसतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. घेण्याआधी मागच्या तिन्ही जागांवर स्वतः बसून पट्टा लावून पाहावा. तो खुपत असेल तर उद्या कोणी लावणार नाही.

सुरक्षिततेच्या तारकांचाही अर्थ समजून घ्यावा. 'भारत एनकॅप' ही आपली चाचणी योजना ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली. तीत समोरून आदळण्याची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. १००च्या वेगाला गाडीची गतिज ऊर्जा त्याच्या २.४ पट असते. पाच तारका मोलाच्या आहेत, पण त्या ज्या वेगाला मिळाल्या त्याच वेगासाठी त्यांचे वचन आहे.

गतिरोधकाची भूमिती

लांब गाडी घेणाऱ्याला आपल्या गल्लीचा विचार करावा लागतो. भारतीय रस्ते परिषदेच्या नमुन्यातील गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग असतो, रुंदी ३.७ मीटर आणि मध्यावर उंची १० सेंटिमीटर. गाडीची दोन्ही चाके त्यावर असताना चाकांमधील अंतर ही त्या वर्तुळाची जीवा होते. जीवेच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की मधला फुगवटा मिळतो. ३.०९ मीटर अंतराच्या ई-क्लासखाली तो ७ सेंटिमीटर येतो, २.६५ मीटरच्या व्हर्टसखाली ५.२. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर कोणतीही सेदान घासू नये.

पण गल्लोगल्ली हौसेने बांधलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच असे उंचवटे या सूत्रात बसत नाहीत. तेथे सगळी उंची पोटाखाली येते. भरलेल्या गाडीचे पोट जमिनीपासून १३-१४ सेंटिमीटर असेल तर २० सेंटिमीटरचा उंचवटा तिला नक्की घासणार. माहितीपत्रकातील अंतर बहुतेकदा रिकाम्या गाडीचे असते. म्हणून चार माणसे बसवून, आपल्याच घराकडच्या रस्त्याने गाडी नेऊन पाहावी.

टायरवरचे आकडेही वाचायला शिकावे. २२५/५५ आर १८ याचा अर्थ रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के म्हणजे १२४ मिलिमीटर, आणि चाकाचा व्यास १८ इंच. २४५/४० आर १९ या टायरची बाजू फक्त ९८ मिलिमीटर भरते. तो वळणावर घट्ट बसतो आणि दिसतोही झोकदार. पण खड्ड्यात आदळल्यावर धक्का गिळायला रबर व हवा कमी पडते आणि चाकाची कड वाकते. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते लक्षात घेता जाड बाजूचा टायर शहाणपणाचा. टायरवर चार अंकांत कितव्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तो बनला हेही कोरलेले असते : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवी म्हणून मिळणारी गाडी अंगणात किती काळ उभी होती याचा त्यावरून अंदाज येतो.

घाट उतरताना

चढ इंजिनाची परीक्षा घेतो, उतार ब्रेकची. २१०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली तर सुमारे ६२ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने २० लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकनेच शोषायची ठरवली आणि चारही तबकड्यांचे बीड मिळून ४० किलो असले, तर वारा न लागता त्यांचे तापमान तीनशे अंशांहून अधिक वाढेल. हे ऐकताच आमचे स्नेही हसले. बीड तापले की काय होते हे फौंड्रीवाल्याला सांगावे लागत नाही. प्रत्यक्षात वारा तबकड्या थंड करत राहतो. तरीही करूळ किंवा आंबोलीचा घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला गाडी रोखू देत उतरावा. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत हे हाताने कसे करायचे, ते फेरीच्या वेळीच शिकून घ्यावे.

इंधनाचा हिशेब

पत्रकातील 'लिटरला इतके किलोमीटर' हा आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगक्रमाने काढलेला असतो. आपल्याकडच्या या वेगक्रमात कमाल वेग ताशी ९० असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपला खर्च काढायला नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे शंभराऐवजी एकशेतीसने गेल्यास दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा ३९ टक्क्यांनी वाढते.

कोल्हापूरकरांना जवळचा असा एक मुद्दा इथेनॉलचा. उसापासूनचे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ साली गाठले. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. मिश्रणात ती २९.८ होते, म्हणजे सुमारे ७ टक्के कमी. गाडीची धावही साधारण त्या बेताने घटू शकते. दुसरीकडे इथेनॉलमुळे ऑक्टेन अंक वाढतो आणि हवा दाबून भरणाऱ्या टर्बो इंजिनाला ते मानवते. इंधनाच्या झाकणापाशी 'ई-२०'ची खूण आहे का ते पाहावे. जुनी गाडी घेत असाल तर हे विशेष महत्त्वाचे, कारण आधीच्या काही गाड्यांतील रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते.

चाचणी फेरी कशी घ्यावी?

शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांच्या फेरीत गाडीचा वास कळतो, गाडी कळत नाही. आम्ही स्नेह्यांना हा क्रम सुचवला. गाडीत नेहमीइतकी माणसे घ्यावीत. आधी आपल्या गल्लीतील सर्वांत वाईट गतिरोधक, मग शहरातील गर्दी, मग महामार्गाचा मोकळा तुकडा, शेवटी वाघबिळाचा चढ आणि उतार. एक फेरी रात्री. निम्मा वेळ मागच्या आसनावर बसावे. परतल्यावर आसनाची उंची, खांबांमुळे झाकला जाणारा रस्ता, पट्टा, दिवे, ब्रेकचा पायाला मिळणारा प्रतिसाद यांना आधी गुण द्यावेत. शक्तीला सर्वांत शेवटी. आणि अधिकृत कार्यशाळा घरापासून किती किलोमीटरवर आहे ते विचारावे.

पंधरा दिवसांनी आमचे स्नेही पुन्हा आले. सहा सिलिंडरच्या गाडीचे पत्रक त्यांनी बाजूला ठेवले होते. डिझेल गाडीवर मन बसले होते. "पोराकडनं तो ट्रॉलीचा हिशेब करून घेतला," ते म्हणाले. "पहिल्यांदा चुकला. मग बरोबर आला. त्यानं कागद खिशात घातलाय." गाडी कोणतीही घेतली असती तरी चालले असते, मुलाने तो कागद स्वतः सोडवला याचे आम्हाला अधिक समाधान वाटले.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. ५० किलो वजनाचा विद्यार्थी ३ मीटर उंचीचा जिना ४ सेकंदांत चढला तर त्याची शक्ती अर्धी अश्वशक्ती भरते. प्रत्येकाने आपापली काढावी.

२. शाळेच्या मैदानावर खडूची रेघ मारून सायकलचा ब्रेक रेघेवरच लावावा. प्रथम सावकाश, मग साधारण दुप्पट वेगाने. थांबण्याची अंतरे मोजून त्यांचे गुणोत्तर दोन येते की चार, ते पाहावे. मैदान मोकळे असावे आणि शिक्षक हजर असावेत.

३. शाळेजवळच्या गतिरोधकाची रुंदी व उंची, रहदारी नसताना आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, दोरी आणि फूटपट्टीने मोजावी. त्यावरून वर्तुळाची त्रिज्या काढून ती १७ मीटरच्या किती जवळ आहे ते तपासावे.

४. ताशी ८०ची आणि ताशी ११०ची अशा दोन गाड्या घेऊन ट्रॉलीचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः सोडवावे. सोडवलेला कागद घरी गाडी किंवा मोटारसायकल चालवणाऱ्या व्यक्तीला दाखवण्यास सांगावे.